रंगवलेलं, चितारलेलं, टाके घातलेलं कापड : अमूर्त वस्त्रकलेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कापड रंगवायचं, त्यावर चितारायचं, तुकडे जोडायचे आणि टाके घालत त्यातून अमूर्त कलाकृती उभी करायची, हे माझं रोजचं काम. शिकायला येणाऱ्या बायका, कॉलेजची मुलं, प्रदर्शनात थांबून बोलणारी माणसं तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत. रंग कापडात मुरतो, पेंट कापडावर बसतो आणि टाका कापडाला खेचून धरतो. ही तीन वेगळी कामं आहेत. ज्याचं काम त्यालाच करू द्यायचं, एवढं धरून चाललात तर खालची बरीच उत्तरं तुमची तुम्हालाच सापडतील.

ही गोधडी आहे, भरतकाम आहे की चित्र?

तिन्हींशी नातं आहे. जुनी लुगडी आणि धोतरं एकावर एक अंथरून, वर मिळतील ते तुकडे लावून, कडेपासून आत धावदोरा घालत नेणं हे आपल्याकडच्या बायका पिढ्यान् पिढ्या करत आल्या आहेत. वाकळ म्हणा, गोधडी म्हणा, तिच्यातली रंगसंगती अनेकदा आजच्या चित्रकारालाही थांबवून ठेवते. फरक हेतूचा आहे. गोधडी आधी ऊब देते, मग देखणी असते. आपण इथे करतो ते काम भिंतीवर लावून पाहण्यासाठी असतं, त्यामुळे ते धुण्याची किंवा झिजण्याची काळजी बाजूला ठेवून कापडाशी जास्त धीटपणे वागता येतं. भरतकामात कापड बहुधा पार्श्वभूमी असतं. इथे कापड हाच विषय आहे.

अमूर्त म्हणजे काहीच दाखवायचं नाही का?

फूल, पक्षी, घर असं ओळखू येईल ते दाखवायचं नाही, इतकाच त्याचा अर्थ. बाकी दाखवायला पुष्कळ आहे: गडद-फिकट, जड-हलकं, दाट-विरळ, कडा आणि मोकळी जागा. मूळचे गोव्याचे आणि नागपुरात जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणणंही पसंत करत नसत. काहीतरी मूर्त घेऊन त्याचं अमूर्त केलं, असा अर्थ त्या शब्दातून निघतो आणि तो त्यांना मान्य नव्हता. मी इतकी काटेकोर नाही. माझी बरीच कामं पाहिलेल्या गोष्टीपासूनच सुरू होतात. पावसात ओल आलेली भिंत, काळ्या रानात नांगराच्या तासांच्या रेषा, वाळत घातलेल्या साडीतून येणारं ऊन. त्यातलं जे डोळ्यात राहतं तेवढंच घ्यायचं.

चित्र काढता येत नसेल तर जमेल?

जमेल. रेषा काढणारा हात इथे लागत नाही, निवडणारा डोळा लागतो, आणि तो सरावाने तयार होतो. साडीवर ब्लाउजपीस शोधताना दुकानात दहा तागे उलगडायला लावणाऱ्या बाईकडे तो आधीपासूनच असतो.

सुरुवातीला काय काय आणावं?

कमी आणा. दोन-तीन मीटर पांढरा मांजरपाट, तेवढीच मलमल, चांगली कात्री (ती कागदाला लावायची नाही), मोठ्या नेढ्याच्या सुया, भरतकामाच्या चार-पाच लडी, टाचण्या, अंगुस्तान. रंगासाठी तीनच मूळ रंग: पिवळा, लाल, निळा. एक जुनी बादली, दोन प्लास्टिकची घमेली, काचेच्या बरण्या, हातमोजे, मास्क. ही भांडी पुन्हा स्वयंपाकघरात न्यायची नाहीत, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांवर ऑइल पेंटने मोठी फुली मारून ठेवा.

कोणतं कापड घ्यायचं? दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणतो, विश्वास ठेवावा का?

परीक्षा करून मग विश्वास ठेवा. मला एकदा बारा मीटर कापड ‘शंभर टक्के सुती’ म्हणून मिळालं. रात्रभर रंगात ठेवलं आणि सकाळी धुतलं तर गडद किरमिजीचा झाला होता फिक्कट गुलाबी. धागा मिश्र होता आणि त्यातल्या पॉलिएस्टरने रंग घेतलाच नव्हता. तेव्हापासून मी चार धागे काढून जाळून पाहिल्याशिवाय तागा कापायला सांगत नाही. स्टीलच्या ताटलीवर, चिमट्यात धरून धागा पेटवा. सूत कागदासारखं जळतं, कागद जळल्याचाच वास येतो आणि बोटांत चुरडली जाईल अशी मऊ राख उरते. रेशीम आणि लोकर केस जळल्यासारखा वास देतात. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो.

शिकताना सुती कापडच घ्या. इचलकरंजीच्या मागांवरचं कोरं कापड स्वस्त पडतं आणि भरपूर प्रयोग करता येतात. खादीचं सूत असमान असतं, त्यामुळे रंगही जागोजागी कमी-जास्त मुरतो आणि कापडाला जिवंतपणा येतो. मलमल थरांसाठी उत्तम, खालचा रंग तिच्यातून दिसत राहतो. पण माझं सगळ्यात आवडतं कापड म्हणजे वापरून वापरून मऊ झालेलं धोतर. शंभर धुण्यांनी त्यातली सगळी खळ निघून गेलेली असते, सुई लोण्यात शिरावी तशी शिरते आणि रंगही झटकन ओढला जातो.

नवं कापड आधी धुवावंच लागतं?

हो. कोऱ्या कापडात विणताना लावलेली खळ असते, शिवाय तेल आणि मेण. ते निघाल्याशिवाय रंग आत जात नाही, ठिपके-ठिपके राहतात. रात्रभर पाण्यात भिजवा, दुसऱ्या दिवशी थोडा धुण्याचा सोडा आणि साबण घालून तासभर उकळा. पाणी चहासारखं पिवळं होतं, ते पाहिलं की का उकळायचं ते कळतं. मग कापडावर पाण्याचा एक थेंब टाका. लगेच शोषला गेला तर कापड तयार आहे. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला तर पुन्हा उकळा.

रासायनिक रंग घ्यावेत की नैसर्गिक?

दोन्ही वापरते. ‘नैसर्गिक म्हणजे चांगला, रासायनिक म्हणजे वाईट’ ही विभागणी मला पटत नाही. हिराकस (लोखंडाचा क्षार) वनस्पतींच्या रंगासोबतच वापरतात आणि तोही जपूनच हाताळावा लागतो. ठरवताना दोनच गोष्टी पाहा: कोणता रंग हवा आहे आणि तो किती वर्षं टिकायला हवा.

सुती कापडावर झगझगीत, स्वच्छ रंग हवे असतील तर रिॲक्टिव्ह रंगांना पर्याय नाही. कृत्रिम रंगांची सुरुवात १८५६ मधली, इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम पर्किनच्या जांभळ्यापासून. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९५६ मध्ये, प्रोसियन नावाने हे रंग बाजारात आले. त्यांचं वैशिष्ट्य असं की ते धाग्याच्या रेणूशी रासायनिक बंधच जोडतात, म्हणून धुतल्यावर जात नाहीत. तपकिरी, करडा, मातकट लाल, जुन्या सोन्यासारखा पिवळा असे शांत रंग हवे असतील तर वनस्पतींकडे जा.

रिॲक्टिव्ह रंगाची पद्धत सांगाल?

रंगाच्या दुकानात ‘कोल्ड ब्रँड’ म्हणून मागा. ‘हॉट ब्रँड’ला उष्णता लागते, घरी तो व्याप नको. लिटरभर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम सोडा ॲश (सोडियम कार्बोनेटची कोरडी पूड) विरघळवा, कापड त्यात अर्धा तास भिजवून पिळून घ्या. धुण्याचा सोडा मिळाला तरी चालतो, पण त्याच्या खड्यांत पाणी धरलेलं असतं म्हणून जास्त घ्यावा लागतो. खायच्या सोड्याने काम होत नाही. वेगळ्या भांड्यात १०० मिलि पाण्यात २ ते ४ ग्रॅम रंग कालवा. आता ओल्या कापडावर हा रंग ब्रशने लावा, ओता, शिंपडा किंवा कापड चुरगाळून बरणीत दाबा आणि वरून ओता. मग प्लास्टिकमध्ये गुंडाळून १२ ते २४ तास ठेवा. वाळू द्यायचं नाही, कारण ओल आहे तोवरच क्रिया चालते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एक रात्र पुरते, डिसेंबरात दिवसभर जास्त द्या किंवा गुंडाळी गरम जागी ठेवा. नंतर आधी गार पाण्यात, मग गरम साबणाच्या पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा.

दोन चुका सगळ्यांच्या होतात. सोडा मिसळलेला रंग उद्यासाठी ठेवतात. तो काही तासांत पाण्याशीच क्रिया करून निकामी होतो. दुसरी, ओला रंग पाहून छटा ठरवतात. ओलं कापड नेहमी गडद दिसतं. वाळलं की बराच फिका पडतो, आणि म्हणून हवी त्याहून गडद छटा लावायची.

हिरडा आणि लोखंडाच्या काळ्याबद्दल फार ऐकलं आहे. घरी होतो का?

होतो, आणि एकदा तरी कराच. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी हेच दाखवते.

काष्ठौषधींच्या दुकानात हिरडा मिळतो. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत गोळा होणारा कोवळा बाळहिरडा औषधाला जातो. रंगासाठी पिकलेलं मोठं फळ, म्हणजे सुरवारी हिरडा, घ्या. कापडाच्या वजनाच्या २० टक्के हिरडापूड कोमट पाण्यात कालवून कापड तासभर त्यात ठेवा, न धुता पिळून सावलीत वाळवा. कापड पिवळट होतं, हाताला किंचित चिकट लागतं आणि त्याला कडवट वास येतो.

दुसरीकडे लोखंडाचं पाणी तयार हवं. कलमकारी करणारे गंजलेलं लोखंड आणि गूळ पाण्यात घालून दोन-तीन आठवडे आंबवतात. माझ्या बरणीत जुने खिळे, बैलाच्या दोन नाला आणि तुटलेल्या विळीचं पातं आहे. घाई असेल तर पाण्यात चिमूटभर हिराकस विरघळवा.

आता ब्रश या पाण्यात बुडवा आणि वाळलेल्या पिवळट कापडावर एक रेघ ओढा. पाणी जवळजवळ रंगहीन असतं, त्यामुळे पहिल्या क्षणी नुसती ओली रेघ दिसते. मग तिच्या कडा राखाडी होतात, तो राखाडी आत सरकतो आणि बघता बघता रेघ शाईसारखी काळी होते. हिरड्यातलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि लोह एकत्र येऊन हा काळा धाग्याच्या आतच तयार होतो. पाणी पातळ केलं तर पारव्याच्या पंखासारखा करडा मिळतो.

सावधगिरी एकच, पण ती पाळाच. लोह जास्त झालं तर काही वर्षांनी कापड तिथे कुजून तुटतं. जुन्या छापील कापडांत काळ्या रेषाच विरून गेलेल्या दिसतात त्या याच कारणाने. हिराकस कापडाच्या वजनाच्या १ ते २ टक्क्यांपुढे नेऊ नका आणि काम झालं की कापड भरपूर पाण्यात खळबळून धुवा.

हळद, बीट, जास्वंद यांचे रंग टिकतात का?

नाही. हळद सुंदर चढते, पण उन्हात काही दिवसांत विटते. बीट तर पहिल्या धुण्यातच जातं. भिंतीवर लावायच्या कामात ते वापरू नका. पिवळ्यासाठी तुरटीसोबत डाळिंबाची साल किंवा झेंडू घ्या. लालसाठी मंजिष्ठा (एका वेलीची मुळं) उत्तम: आधी हिरडा, मग तुरटी, मग मंजिष्ठा, असं ओळीने. मंजिष्ठेचं पाणी उकळू देऊ नका. फार तापलं की लालाचा तपकिरी होतो.

कोणत्याही रंगाची खात्री करायची असेल तर रंगवलेली पट्टी अर्धी पुठ्ठ्याने झाकून उन्हाच्या खिडकीत महिनाभर लावून ठेवा. पुठ्ठा काढल्यावर दोन भागांत जो फरक दिसेल तो खरा.

नीळ वापरायची आहे. अवघड असते का?

धीर लागतो, अवघड नाही. आधी एक गोंधळ दूर करू: पांढऱ्या कपड्यांना घालायची बाटलीतली नीळ वेगळी, नीळ वनस्पतीची वेगळी. खरी नीळ पाण्यात विरघळत नाही. तिच्यातला ऑक्सिजन काढून घ्यावा लागतो, तेव्हा ती विरघळते आणि पाणी पिवळट हिरवं होतं. घरगुती पिंपासाठी १ भाग नीळ, २ भाग विझवलेला चुना, ३ भाग फळसाखर (फ्रुक्टोज), हे वजनाचं प्रमाण लक्षात ठेवा. गरम पाण्यात हळूच ढवळा आणि झाकून ठेवा. वर तांब्यासारखी चकाकती साय धरली आणि खालचं पाणी पिवळसर झालं की तयार. कापड ओलं करून, हवेचे बुडबुडे न करता आत सोडा, पाच मिनिटांनी अलगद काढा. बाहेर येतं तेव्हा हिरवं असतं आणि डोळ्यांदेखत निळं होत जातं. गडद निळ्यासाठी एकदाच जास्त वेळ न बुडवता अनेकदा थोडा थोडा वेळ बुडवायचं, मध्ये हवा द्यायची. शेवटी चुना जावा म्हणून थोडं व्हिनेगर घातलेल्या पाण्यातून काढा.

मग पेंट कशासाठी? रंग मुरला की झालं ना?

मुरलेला रंग पसरतो, कडा सोडतो. जिथे ठाम कड हवी, किंवा गडदावर फिकं हवं, तिथे पेंट लागतो. गडद निळ्यावर पिवळा रिॲक्टिव्ह लावला तर पिवळं दिसणारच नाही. अपारदर्शक फॅब्रिक पेंट मात्र वर बसतो. वाळल्यावर उलट्या बाजूने तीन ते पाच मिनिटं इस्त्री फिरवली की पक्का होतो.

पण हात राखून लावा. जाड पेंटने कापड रेक्झिनसारखं ताठ होतं, सुई अडते आणि चुकीचा टाका उसवला की भोक तसंच राहतं. माझा क्रम साधारण असा: आधी मुरणारा रंग, मग पातळ पेंट, मग टाके, आणि अगदी शेवटी टाक्यांच्या उंचवट्यांवरून जवळजवळ कोरडा ब्रश. तो फक्त वर आलेल्या भागाला लागतो आणि टाक्यांमुळे पडलेल्या खळग्यांत खालचा रंग तसाच राहतो. हा परिणाम कागदावर मिळणार नाही, कॅनव्हासवरही नाही.

रंग पसरू नये पण मुरावा असं हवं असेल तर रिॲक्टिव्ह रंगात सोडियम अल्जिनेटची (समुद्री शेवाळातून काढलेल्या पुडीची) खळ मिसळा. चिंचोक्याची किंवा मैद्याची खळ त्यात नको, ती स्वतःच रंग खाते.

तुकडे कसे मांडायचे? माझं काम नुसतं रंगीबेरंगी दिसतं, त्यात जीव येत नाही.

दहातल्या आठ कामांत अडचण रंगाची नसते, गडद-फिकट पातळीची असते. सगळे रंग मध्यम असले की डोळा कुठेच थांबत नाही. मोबाइलवर फोटो काढा, तो काळा-पांढरा करा. सगळं एकाच करड्या चिखलासारखं दिसलं तर एक खरोखर गडद आणि एक खरोखर फिका तुकडा आणा.

मांडणी जमिनीवर करू नका, भिंतीवर करा. पांढरी फ्लॅनेलची चादर ताणून लावली की सुती तुकडे टाचणीशिवाय चिकटतात. घोंगडीवर तर आणखी छान चिकटतात, पण काळ्या पार्श्वभूमीवर प्रत्येक रंग उजळ भासतो आणि फसगत होते. दोन दिवस तसंच राहू द्या, येता-जाता पाहा. सगळ्यात सुंदर रंगवलेला तुकडा अनेकदा बाकी सगळ्यांना दाबतो. तो काढून ठेवायला मन तयार होत नाही. माझ्याकडे अशा तुकड्यांचा अख्खा डबा आहे, आणि त्यातला एकेक पुढे कधीतरी आपली जागा शोधतो.

धाग्याची दिशाही पाहा. उभ्या-आडव्यात कापलेला तुकडा स्थिर राहतो, उरेब (तिरका) कापलेला ताणतो आणि लोंबतो. वळण हवं असेल तिथे मुद्दाम उरेब घ्या.

टाके कोणते शिकावेत?

धावदोरा. खरंच, वर्षभर तेवढा एक पुरतो. लांब-आखूड करा, ओळी जवळ-दूर करा, एक पदर घ्या किंवा सहा, कापडाच्याच रंगाचा दोरा घ्या किंवा विरुद्ध रंगाचा. दाट ओळींनी कापड आत बसतं, मोकळी सोडलेली जागा फुगून वर येते. बंगालची कांथा, जपानी साशिको आणि आपली गोधडी, तिन्ही याच टाक्यावर उभ्या आहेत. गाठीचा टाका बारीक दाणेदार पोतासाठी, काजाचा टाका उसवणाऱ्या कडेसाठी, साखळी टाका जाड रेषेसाठी, हे पुढे जोडता येईल. काढलेल्या आकाराच्या कडेने रेष गिरवल्यासारखे टाके घालू नका. रंगाने सांगितलेलंच टाक्याने पुन्हा सांगण्यात काय अर्थ? टाका आडवा जाऊ द्या, दोन रंगांना एकमेकांत ओवू द्या.

शिलाई मशीनवर चालेल का?

चालेल, पायाचं मशीनही चालतं. रफूचा पाय लावा, कापड सरकवणारे दाते खाली करा किंवा त्यांवर पट्टी बसवा, कापड भरतकामाच्या रिंगमध्ये ताणा आणि हाताने फिरवा. दोरा सारखा तुटत असेल तर नव्वद टक्के सुई बोथट झालेली असते. मशीनची रेघ अखंड आणि कडक, हाताची श्वास घेणारी. दोन्ही एकाच कामात आणाल तर कोण पुढे आणि कोण मागे हे ठरवा.

टाके घातल्यावर कापड आक्रसलं आणि कडा वाकड्या झाल्या. चुकलं का?

कापड तसंच वागतं. म्हणूनच चारी बाजूंनी दोन-तीन इंच जास्त ठेवून सुरू करायचं आणि सरळ कड शेवटी कापायची. आधी थरांना आडवा-उभा कच्चा दोरा घाला, मग मधून कडेकडे टाके घालत जा. एकाच कोपऱ्यात दाट आणि बाकी रिकामं ठेवलं तर ओढ पडणारच. काम झाल्यावर उलट्या बाजूने पाणी शिंपडून, टाचण्यांनी सपाट ताणून रात्रभर वाळू द्या. काही कामांत मी ही ओढ तशीच ठेवते, सुकलेल्या तळ्याच्या भेगांसारखी ती चांगली दिसते.

तांबडा रंग फुटून शेजारच्या पांढऱ्यात गेला. काही उपाय?

वाळण्याआधी लक्षात आलं तर गार पाण्याच्या धारेखाली धरा. वाळल्यावर पूर्ण जात नाही. खणाचे आणि जुन्या इरकलीचे तुकडे घेताना आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहायचंच. ब्लीचने डाग काढायचा विचार असेल तर ते सुतावरच करा, रेशीम त्यात विरघळतं. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरं कोणतंही आम्ल कधीही घालू नका, विषारी वायू निघतो.

कोणाचं काम पाहावं?

अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून केलेल्या गोधड्या आवर्जून पाहा. २००२ मध्ये त्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत लागल्या. फिक्या पडलेल्या डेनिमवर खिसा काढल्यावर उरलेला गडद चौकोन त्यांनी जसा वापरला आहे, तो पाहून मी माझी बरीच कामं उसवली. ॲनी अल्बर्स जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत विणायला शिकल्या आणि १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं एकल प्रदर्शन झालं. आपल्याकडे मुंबईच्या नेली सेठना आणि मोनिका कोरिया यांनी विणकाम भिंतीवरच्या कलेपर्यंत नेलं. मुंबईत जन्मलेल्या मृणालिनी मुखर्जींनी तागासारख्या दोऱ्यांना गाठी मारत माणसाहून उंच शिल्पं केली. आणि चित्रकार प्रभाकर बरवे: त्यांनी आधी वाराणसीच्या आणि मग मुंबईच्या वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये, म्हणजे हातमागासाठीच्या सरकारी केंद्रात, अनेक वर्षं नोकरी केली. त्यांच्या चित्रांतली मोकळी जागा पाहताना मला ते नेहमी आठवतं.

यांच्याइतकंच, तुमच्या घरातली जुनी गोधडी उलटी करून पाहा. मागच्या बाजूला करणारीचा हात जास्त दिसतो.

काम टांगायचं कसं? फ्रेम करावी का?

मागच्या बाजूला वर पूर्ण रुंदीचा नेफा शिवा, त्यात लाकडी पट्टी घाला आणि पट्टीची दोन टोकं खिळ्यांवर ठेवा. वजन सारखं वाटलं जातं, कापड लोंबत नाही. कोपऱ्यांना कड्या लावल्या तर मध्ये झोळ पडतो. काच लावायची असेल तर कापड आणि काच यांच्यात अंतर हवंच, नाहीतर पावसाळ्यात ओल धरून बुरशी येते. मला विचाराल तर काच नको. कापडाच्या इतक्या जवळ जायचं आणि मध्ये काच, हे मला सोसत नाही.

जतन कसं करायचं?

थेट ऊन नको, ओलसर भिंत नको. ठेवून द्यायचं असेल तर घडी घालू नका, घडीवर रंग आणि धागा दोन्ही आधी जातात. जाड नळीवर धुतलेली मलमल गुंडाळा, त्यावर काम चितारलेली बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, वर पुन्हा मलमल. कसर लागू नये म्हणून वाळलेला कडुलिंब ठेवा, डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नका. दसऱ्याच्या सुमारास, पाऊस सरला की, सगळं उघडून सावलीत एक दिवस वारा द्या.

लहान मुलांबरोबर करता येईल?

टाके, फॅब्रिक पेंट, हिरडा इथवर हो. रिॲक्टिव्ह रंगाची कोरडी पूड मुलांजवळ उघडू नका, ती श्वासातून गेली तर दम्याचा त्रास होऊ शकतो. मोठ्यांनीसुद्धा मास्क लावून, पंखा बंद करून, ओल्या वर्तमानपत्रावर पूड मोजायची.

किंमत कशी लावू?

सामान, तास आणि टांगण्याचा खर्च वहीत लिहा. तासांचा दर ठरवताना स्वतःला शिंप्याहून कमी मजुरी देऊ नका. ‘घरबसल्या तर करता’ असं म्हणणाऱ्याला ती वही दाखवा.

आजीचं नऊवारी लुगडं आहे. कामात वापरायचं आहे, पण कात्री लावायला हात होत नाही.

हा प्रश्न विचारताना पुष्कळ जणींचा आवाज बदलतो. माझ्याकडे आईच्या आईचं हिरवं इरकली लुगडं होतं. आठ वर्षं ते ट्रंकेत राहिलं. एकदा पावसाळ्यानंतर उघडलं तर घडीच्या रेषांवर ते आपोआप फाटलं होतं, आणि ते ठेवून देण्याने वाचणार नाही हे तेव्हा समजलं.

मी केलं ते सांगते. आधी लुगडं पूर्ण पसरून फोटो काढले. पदर आणि वीतभर काठ अखंड काढून मलमलीत गुंडाळून ठेवला. मग नेसताना मागे बसणारा, सगळ्यात झिजलेला भाग घेतला. तिथे हिरवा जवळजवळ पाण्यासारखा झाला होता आणि आजीने स्वतः केलेला एक रफू होता, वेगळ्याच निळ्या दोऱ्याचा. तो भाग मांजरपाटावर ठेवून कडेने कच्चा दोरा घातला. रंगवलं नाही, चितारलं नाही. नुसता धावदोरा, एक पदरी, रफूच्याच निळ्याचा, त्या रफूपासून सुरू करून चारी दिशांना नेला. तुमच्या लुगड्यावर असा एखादा रफू, डाग किंवा विरलेली जागा असेल, तिथून सुरुवात करा. कात्री शेवटी लावा, आणि ती काठापासून चार बोटं आत.